कोर्टशिपला मराठीत काय म्हणतात?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी कोर्टात नोकरी करतो. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात १९९२ साली कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि आता निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. म्हणून या भाषणाचा विषय मी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सांगितला तेव्हा तो म्हणाला, "कोर्टशिप? म्हणजे आपली नोकरीच की!" स्कॉलरशिप, अ‍ॅप्रेंटिसशिप, तशी कोर्टशिप. त्याचं फारसं चुकलं नव्हतं. पण तो विनोद नंतर सांगतो. आधी हा प्रश्न माझ्यापुढे कसा आला ते सांगायला हवं.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी पुण्याला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. स्थळ सोलापूरकडचं, मुलगा इंजिनिअर, घर चांगलं. त्यांच्याकडून पैगाम आला, आम्ही चौकशी केली, दोघांनी एकमेकांना बघितलं आणि मंगनी झाली. मंगनी म्हणजे साखरपुडा. मुलाचा थोरला भाऊ आखातात असतो. त्याला दीड महिन्यात सुट्टी मिळणार होती, तेव्हाच निकाह उरकून घेऊ असा त्यांच्याकडचा विचार. सगळं सरळ चाललं होतं. एका रविवारी मुलगी घरी आली, जेवण झालं आणि ती मला म्हणाली, "अब्बा, मला सहा महिने हवेत."

"कशाला?"

"त्याच्याशी बोलायचंय. दोन-चारदा भेटायचंय. तो चिडल्यावर कसा बोलतो ते बघायचंय. तुम्ही त्यांना तसं सांगा."

"तसं म्हणजे कसं?"

ती म्हणाली, "इंग्रजीत याला कोर्टशिप म्हणतात. मराठीत काय म्हणतात ते तुम्हाला माहीत असणार. तुम्ही कवी आहात."

श्रोतेहो, (हे सगळं मी तिला विचारूनच सांगतो आहे) मी तीस वर्षं मराठीत कविता लिहितो. दोन संग्रह निघाले. मराठी विषय घेऊन बी. ए. झालो. पण त्या दुपारी मला तो शब्द सापडला नाही. हिला म्हटलं, तू तरी मुलाच्या आईशी बोल. ती म्हणाली, "तुमीच बोलो. मैं नै बोलती."

मी वही घेऊन बसलो. पहिला शब्द आठवला तो 'प्रणयाराधन'. आता कल्पना करा, मी सोलापूरला फोन लावतो आणि म्हणतो, "भाईसाब, आमच्या मुलीला तुमच्या मुलाबरोबर सहा महिने प्रणयाराधन करायचं आहे." फोन तर ठेवलाच असता, वर मंगनीची अंगठीही परत आली असती. 'प्रियाराधन' हा त्याचाच चुलतभाऊ. तो पक्ष्यांच्या पुस्तकांत असतो. सुगरण पक्ष्याचा नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तरच नर ते पुरं करतो. या पक्ष्याचा अभ्यास डॉ. सालिम अलींनी अलिबागजवळ किहीमला राहून केला आणि तो १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्यांना असंही दिसलं की एक घरटं पसंत पडलं की हे महाशय दुसरं विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी. हे मी मुलीला सांगितलं नाही. पण घर विणतो नर, आणि आपण नाव ठेवलं सुगरण, याचा मला नेहमी अचंबा वाटत आला आहे.

प्रियाराधन पक्ष्यांना चालतं. माणसांसाठी आपल्या रोजच्या बोलण्यात कोणते शब्द आहेत? फिरणं, लफडं, भानगड, आणि जरा सभ्य माणसांत बोलायचं असेल तर 'प्रकरण'. आमच्या कोर्टात प्रत्येक दाव्याला प्रकरणच म्हणतात. दुसऱ्या बाजूला लग्नाचे शब्द. मुलगी दाखवायची असते, मुलगा बघतो, पसंती कळवतात, मागणी घालतात, बैठक होते, याद्या होतात. कांदेपोह्यांवर तर किती विनोद झाले. आमच्याकडे पोह्यांच्या जागी सरबत, एवढाच फरक. यातल्या बहुतेक वाक्यांत करणारे दुसरेच कुणीतरी असतात. मुलगी 'दाखवली' जाते, आणि बिचारा मुलगासुद्धा 'बघायला नेला' जातो. भानगड आणि बैठक यांच्यामध्ये जी जागा आहे, दोन माणसं एकमेकांना अजमावत असतात ती, तिला शब्द नाही.

मग इंग्रजांनी तो कुठून आणला? इथे माझ्या सहकाऱ्याचा विनोद कामाला येतो. कोर्टशिपमधलं कोर्ट आणि आमचं कोर्ट एकच आहे. लॅटिनमधल्या एका शब्दाचा अर्थ होता कुंपण घातलेली जागा, अंगण. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. आधी वाड्याचं अंगण, मग राजाचा वाडा, मग राजाचा दरबार. राजा दरबारात बसून न्याय करायचा, म्हणून न्यायाच्या जागेलाही तेच नाव पडलं. दरबारात वागायची रीत ती कर्टसी, आणि तिथे राजाची मर्जी मिळवण्यासाठी जे गोड बोलणं, वाकणं, वाट बघणं करावं लागे ती कोर्टशिप. सोळाव्या शतकाच्या अखेरीला या शब्दाचे दोन्ही अर्थ चालत होते, दरबारी वागण्याचाही आणि प्रेमातल्या मनधरणीचाही. शेक्सपिअरच्या 'अ‍ॅज यू लाइक इट' मध्ये रोझलिंडच्या तोंडी तो असा घातला आहे की दोन्ही अर्थ एकदम वाजतात. पुढे दरबारी अर्थ मागे पडला आणि प्रेमाचा उरला. दरबारातून आणखीही एक शब्द निघाला, कोर्टेझान. मूळ अर्थ दरबारातली स्त्री, नंतर काय झाला ते सांगायला नको.

म्हणजे इंग्रजीत शब्द राजाकडून निघाला आणि प्रेयसीच्या दारात येऊन थांबला. आपल्याकडे काय झालं ते बघा.

आराधना हा आपला शब्द. प्रसन्न करून घेणं. देवाची आराधना, राजाची आराधना, प्रियेची आराधना, असा तो सगळीकडे चालत होता. आज आराधना देवळात आहे, आणि 'प्रणय' जोडल्याशिवाय माणसाकडे येत नाही. मनधरणी किती सुंदर शब्द आहे! दुसऱ्याचं मन धरायचं, हात नव्हे. पण तो मी वर्तमानपत्रात कधी वाचतो? निवडणुकीत अर्ज मागे घ्यायच्या आदल्या दिवशी. 'बंडखोरांची मनधरणी सुरू.' आर्जव, विनवणी, मिनतवारी. यातली मिनतवारी आमच्या बाजूची, अरबीतल्या मिन्नतवरून मराठीत आलेली. हे शब्द एके काळी लावणीत होते. पेशवाईतला सगनभाऊ, जेजुरीचा, धंद्याने शिकलगार आणि धर्माने मुसलमान. त्याच्या आणि त्याच्या काळातल्या इतरांच्या लावण्यांत पुष्कळदा आर्जव करणारी बाई असते. ती रुसते, मागते, जाब विचारते. आता आर्जव करतात ते कर्जमाफीसाठी.

आणि अनुनय. बी. ए. ला आम्हाला संस्कृत काव्यातल्या नायिकांचे प्रकार शिकवले होते. त्यातली मानिनी, म्हणजे रुसलेली. तिची समजूत काढणं म्हणजे अनुनय. 'नी' म्हणजे नेणं. ओढून नेणं नव्हे, हळूहळू आपल्याकडे वळवून आणणं. सरांनी हा शब्द फळ्यावर लिहिला तेव्हा मला तो इतका आवडला की वहीच्या मागच्या पानावर मी तो आठ-दहा वेळा लिहून काढला. पुढे दोन-चार वर्षांतच तो शब्द मला रोज वर्तमानपत्रात दिसायला लागला. अग्रलेखात, भाषणांच्या बातम्यांत, पत्रव्यवहारात. 'मुस्लिम अनुनय.' तेव्हापासून आजपर्यंत दर निवडणुकीला तो येतोच. त्याच्या जोडीला लांगूलचालन. लांगूलचालन म्हणजे शेपूट हलवणं. हा शब्द भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या एका श्लोकात आहे. तिथे खायला देणाऱ्यापुढे शेपूट हलवणारा कुत्रा आहे, आणि त्याच्यासमोर हत्ती आहे, जो शंभर गोड विनवण्या केल्यावर मग शांतपणे खातो. एकाच श्लोकात लांगूलचालनही आहे आणि अनुनयही. आपण दोन्ही उचलले ते एकाच कामासाठी.

मी राजकारणावर बोलायला आलेलो नाही. कोणता पक्ष कुणाचा अनुनय करतो याचा हिशेब माझ्याकडे नाही. माझी तक्रार फक्त शब्दापुरती आहे. छप्पन वर्षांचा झालो, भाड्याच्या घरातून हप्त्याच्या घरात आलो, रेशनच्या रांगेत उभा राहिलो, मुलीच्या शिक्षणाला सोसायटीचं कर्ज काढलं. माझा अनुनय नेमका कधी झाला ते मला अजून कळलेलं नाही. रुसलेल्या बाईला निदान समोर कोण बसलं आहे एवढं तरी दिसतं. आणि एक अडचण अशी झाली की हा शब्द मी कवितेत वापरू शकत नाही. एकदा वापरला होता, नवऱ्याने बायकोची काढलेली समजूत अशा साध्या अर्थाने. एका संमेलनात ती कविता वाचली. नंतर चहाच्या वेळी एक गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "छान उपरोध आहे." त्यात उपरोध नव्हता हो. बायको खरंच रुसली होती.

तर इंग्रजांचा शब्द दरबारातून घरात आला आणि आपले शब्द घरातून दरबारात गेले. घरात काही उरलं नाही म्हणून माझ्या मुलीला इंग्रजी शब्द लागला.

मोकळी राहिलेली जागा मोकळी राहत नाही, हे मी कोर्टात रोज बघतो. त्या जागेत काय आलं? पाठलाग आला. आपल्या सिनेमांनी तीन-चार पिढ्यांना शिकवलं की मुलगी नाही म्हणाली की ते हो असतं, तिच्या मागे मागे जायचं, सायकल आडवी घालायची, गाणं म्हणायचं. २०१३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला, भारतीय दंड संहितेतलं कलम ३५४-ड. जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यात ते कलम ७८ आहे. या कलमाची कागदपत्रं माझ्या हातांखालून जातात. बहुतेक आरोपी पोरसवदा असतात आणि आपलं काय चुकलं ते त्यांना खरोखरच कळत नसतं. एकाची आई मला व्हरांड्यात म्हणाली, "साहेब, प्रेमच तर करत होता." वर्तमानपत्रं लिहितात 'एकतर्फी प्रेमातून हल्ला'. एकतर्फी हा आमच्या कोर्टाचा शब्द. प्रतिवादी तीनदा पुकारा होऊनही हजर झाला नाही तर दावा एकतर्फी चालतो. पण आम्हीसुद्धा आधी समन्स पाठवतो, ते बजावलं गेलं की नाही ते बघतो, मुदत देतो. दुसऱ्या बाजूला बोलायला जागा ठेवावी लागते, मगच पुढे जाता येतं.

ही जागा आपल्याकडे कुणी मागितलीच नाही असं मात्र नाही. रखमाबाईंचा खटला आपण शाळेत दोन ओळींत वाचतो. अकराव्या वर्षी लग्न झालं. त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकल्या. १८८४ साली नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, मुंबई हायकोर्टात दावा लावला की बायको नांदायला यावी. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की नांदायला लावण्याचा हा कायदा इंग्लंडमधून आला, तिथे तो जाणत्या वयात संमतीने केलेल्या लग्नांसाठी आहे, न कळत्या वयात लावलेल्या लग्नाला तो लावता येणार नाही. अपिलात निकाल फिरला. १८८७ साली हुकूम झाला की एक तर नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, त्या इंग्लंडला गेल्या आणि १८९४ साली डॉक्टर झाल्या. या खटल्यावर टिळकांपासून मॅक्सम्युलरपर्यंत सगळे बोलले. संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला त्यामागे ही चर्चा होती. मला त्यातली एक गोष्ट कायम खटकते. दादाजी दावा लावण्याआधी रखमाबाईंच्या दाराशी येऊन कधी स्वतः बोलला होता का, काही विचारलं होतं का, याची कुणाला फारशी फिकीर नव्हती. चर्चा सगळी शास्त्राची आणि कायद्याची.

आमच्या निकाहमध्ये विचारणं हा विधीचाच भाग आहे. एका बाजूने ईजाब, म्हणजे प्रस्ताव, दुसऱ्या बाजूने कबूल. मुलीकडे वकील आणि दोन साक्षीदार जातात. हो, तिथेही वकीलच म्हणतात. अमक्याचा मुलगा अमका, इतक्या मेहरवर, तुला कबूल आहे का, असं तिला विचारावंच लागतं. कागदावर हे फार चांगलं आहे. प्रत्यक्षात काय होतं? ओढणीखाली मुलगी मान हलवते, ती हलली की नाही हे खालासुद्धा छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही, पण तीच मोठ्याने म्हणते, "हां बोली, हां बोली." लाजऱ्या मुलीचं गप्प राहणं म्हणजे संमती, अशी समजूत पूर्वीपासून आहे. आणि पाचशे माणसांची बिर्याणी शिजत असताना कोण नाही म्हणणार? माझी मुलगी तेच म्हणत होती. "अब्बा, त्या दिवशी विचारण्यात काय अर्थ? मला आत्ता विचारा, आणि सहा महिन्यांनी परत विचारा."

तिचं ऐकताना मला एक जोडपं आठवलं. काही वर्षांपूर्वी आमच्या कोर्टात पोटगीचं प्रकरण चालू होतं. दोघंही गरीब, खेड्यातली. तारखेला दोघं यायची आणि बाहेरच्या लिंबाखाली दोन टोकांना बसायची. तारखा पडत गेल्या. एकदा बघतो तर नवरा टपरीवरून दोन चहा घेऊन तिच्याकडे चालला आहे. आधी लांबूनच हाताने विचारतो आहे, आणू का? पुढच्या तारखेला परत. एकदा वडापाव. आम्हा कारकुनांत पैजा लागल्या की आता तडजोडीची पुरसीस येणार. आली नाही. पोटगीचा हुकूम झाला आणि ती भावाबरोबर निघून गेली. जाताना तिच्या वकिलीणबाईंना काय म्हणाली ते बाईंनी मला सांगितलं. ती म्हणाली, "हितं विचारून च्या आणतोय. सहा वर्षांत घरात एकदा विचारलं असतं तर मी हितं आलेच नसते." नवरा त्यानंतर कितीतरी वेळ लिंबाखाली बसून होता. मला वाटतं, त्याचं आराधन त्या व्हरांड्यात सुरू झालं होतं आणि उशीर झाला होता. कोर्टशिप शब्दाचा याहून नेमका उपयोग मला माहीत नाही.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी भाग्यवान. मला अकरा महिने मिळाले होते, तेही कुणी न मागता. आमची मंगनी १९९५ च्या डिसेंबरात झाली आणि निकाह ९६ च्या नोव्हेंबरात. कारण साधं, सासऱ्यांकडे पैसे नव्हते. मी कृष्णाकाठचा आणि ही माणदेशातली, दुष्काळी मुलखातली. सासरे बाजारच्या गावांना बांगड्या विकत फिरायचे. फोन गावात एकच, एस. टी. डी. बूथवर, आणि बूथवाला सगळ्या गावाचं ऐकणारा. म्हणून मी पत्र लिहायचं ठरवलं. निळं आंतरदेशीय पत्र. पहिलं पत्र टाकलं आणि पंधरा दिवसांनी मेहुण्याकडून कळलं की पत्र कसं वाचलं जातं. पोस्टमन ते सासऱ्यांच्या हातात देतो. सासऱ्यांना हिशेबापुरतंच वाचता यायचं. मग सातवीतला मेहुणा अंगणात उभा राहतो आणि शाळेत धडा वाचतात तसं मोठ्याने वाचतो. ऐकायला सासू, सासरे, आजी, शेजारची दोन घरं, आणि चुलीपाशी ही.

आता काय लिहायचं? पुढची सगळी पत्रं मी अंगणात वाचली जातील अशी लिहिली. कोर्ट म्हणजे मुळात अंगण, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पाऊस कसा आहे, शेळी व्याली का, आंब्याला मोहर आहे का, असं विचारायचो. आणि त्यातच तिला कळेल असं काही ठेवायचो. बी. ए. ला गाथासप्तशती शिकलो होतो. हाल सातवाहनाच्या नावावरचा तो दोन हजार वर्षांच्या आसपासचा प्राकृत गाथांचा संग्रह. त्यात बायका वाटसरूला सरळ काही सांगत नाहीत. शेताचं सांगतात, ओढ्याचं सांगतात, सासू कुठे झोपते ते सांगतात, आणि ज्याला कळायचं त्याला कळतं. साहित्यशास्त्रात याला ध्वनी म्हणतात, आणि ध्वनीची उदाहरणं द्यायला आनंदवर्धनालाही या गाथाच लागल्या. परीक्षेत या प्रश्नाला मला वीसपैकी नऊ गुण होते. पण विषय मला कळला तो त्या निळ्या पत्रांत.

हिचीही उत्तरं यायची, तीही मेहुण्याने तपासलेली. जून महिन्यातल्या एका पत्रात शेवटची ओळ होती, 'विहिरीला पाणी आलं आहे, पण अजून गढूळ आहे.' त्या ओळीवर मी तीन आठवडे झोपलो नाही. पाणी आलं आहे, म्हणजे मन आलं आहे. गढूळ आहे, म्हणजे अजून खात्री नाही, थांबा. मी थांबलो. पुढचं पत्र जपून लिहिलं, घाई दाखवली नाही. त्या ओळीवर कविता केली, ती एका दिवाळी अंकात छापून आली, आणि माझ्या पहिल्या संग्रहाचं नावही विहिरीवरूनच आहे.

गेल्या वर्षी, ज्या दुपारी मुलीने शब्द विचारला त्याच दुपारी, मी हिला पहिल्यांदा विचारलं की त्या ओळीत तुला नेमकं काय सुचवायचं होतं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "कौन सी लाइन?" मी ओळ म्हणून दाखवली. ही म्हणाली, "अहो, विहिरीला पाणी आलं होतं. गढूळ होतं. गाळून प्यायचो."

मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला.

शेवटी मी सोलापूरला फोन लावला. वही समोर होती, तिच्यातले सगळे शब्द खोडलेले. मी म्हणालो, "भाईसाब, मुलांची जरा ओळख होऊ द्या. सहा महिने द्या." तिकडे शांतता. मग ते म्हणाले, "ओळख? आमची तर निकाहनंतरच झाली." मी म्हणालो, "झाली ना, पण कितव्या वर्षी?" हे मी उगाच बोललो असं वाटलं. परत शांतता. मागून बाईमाणसाचा आवाज आला, काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. मग मी त्यांना विहिरीची गोष्ट सांगितली. ते हसले. थोरल्याची सुट्टी, हॉलचं आगाऊ भाडं, लोक काय म्हणतील, हे सगळं मग निघालंच. पाऊण तास बोललो. अखेर ते म्हणाले, "तुम्ही कोर्टातले, तारीख वाढवून घेतल्याशिवाय सोडणार नाही. पण सहा नाही, चार."

त्यानंतर थोरल्याची सुट्टी पुढे गेली आणि चाराचे पाच झाले. त्यातले तीन संपले आहेत. भाषण लिहिताना मला खरं सांगायचं तर धाकधूक आहे. मुलीने ही मुदत मागितली ती हो म्हणण्यासाठीच असं मी धरून चाललो होतो. हिने मला एका रात्री विचारलं, "और नै बोली तो?" नाही म्हणाली तर मंगनी मोडली असं गावात होणार, धाकटीचं अजून व्हायचं आहे, आणि सोलापूरच्या त्या भल्या माणसाला परत फोन मलाच करावा लागणार. मी हिला म्हणालो, नाही म्हणाली तर नाही. म्हणालो खरा. त्यानंतर मलाही बराच वेळ झोप लागली नाही.

मुलीला आम्ही काही विचारत नाही, तसं आमचं ठरलं आहे. मागच्या शनिवारी ती घरी आली होती. रात्री गच्चीवर जाऊन फोनवर बोलत होती. तासभर झाला असेल. खाली आली तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "काय म्हणत होता?"

ती म्हणाली, "काही नाही. आपल्याकडे पाऊस कसा आहे, विचारत होता."

मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, "पाऊसच विचारत असेल हो."